उणे त्रेचाळीस हरणं

ग्लेन फिओरा,
मार्चचा शेवटचा मंगळवार, पाऊस आडवा

तीर्थरूप डोलीना अक्का हिच्या चरणी धाकट्या टॉर्मडचा (वय वर्षं एकसष्ट, तरी धाकटाच) नमस्कार. चरणी असं लिहिलं खरं, पण मागच्या महिन्यात तुझ्या चरणांना नवे बूट चावले होते, ते आता कसे आहेत? कंबरदुखी उतरली का? तुमच्या नव्या पाद्रीबुवांचं प्रवचन अजून दीड तासावरच थांबतं, की थंडी कमी झाल्यावर त्यांना आणखी हुरूप आलाय? तुझी शेजारीण रविवारी दोरीवर कपडे वाळत घालते म्हणून तू तिच्याशी बोलणं सोडलं होतंस, ते सोडलेलंच असेल अशी मला खात्री आहे. इकडे मी ठीक आहे. ठीक म्हणजे गुडघे, पाठ, छपराचा उत्तरेकडचा कोपरा आणि जीपचा दुसरा गिअर एवढं सोडलं तर बाकी सगळं ठणठणीत. कोंबड्या सात आहेत. त्यातली एक अंडं देते, पण ती कोणती हे बाकीच्या सहा कळू देत नाहीत. पाऊस हल्ली वरून पडायचं सोडून बाजूने येतो, त्यामुळे छत्री धरायची की ढाल हेच कळत नाही. तुला पत्र लिहून फार दिवस झाले (सात महिने), त्याबद्दल रागावू नकोस. रागावायला पुढे भरपूर जागा आहे.

पत्र लिहायला कारण असं की आपल्या दरीत सध्या उणे त्रेचाळीस हरणं आहेत.

तू चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली असशील. बरोबर वाचलीस. हा आकडा माझा नाही, सरकारी खात्याचा आहे, आणि तो खात्याच्या मॉर्वेन गॅलब्रेथ नावाच्या मुलीने माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच टेबलावर, माझाच स्कोन खात काढला. वय सव्वीस, बूट माझ्या बुटांपेक्षा चांगले, बोलणं गोड आणि काखेत लॅपटॉप. मी सहावीत असताना तू मला उणे संख्या शिकवत होतीस आणि मी विचारलं होतं की ज्या मेंढ्या नाहीतच त्या चरतात कुठे, तेव्हा तू पट्टीने उत्तर दिलं होतंस. अक्का, मी तेव्हा चेष्टा करत नव्हतो. मला खरंच कळलं नव्हतं. पन्नास वर्षांनी तोच प्रश्न माझ्या दारात येऊन बसला आहे आणि आता पट्टी मारायलाही कुणी नाही.

हिशेब तसा साधा आहे. वसंतात दोन्ही उतारांवरची हरणं मोजायची. त्यात उन्हाळ्यातली पाडसं मिळवायची, बर्फाने मेलेली वजा करायची, आम्ही मारलेली वजा करायची, की पुढच्या वर्षीचा आकडा हातात. हरणं फार झाली तर कोवळं झाड म्हणून शिल्लक ठेवत नाहीत आणि मग हिवाळ्यात स्वतःच उपाशी मरतात, म्हणून दर साली किती माद्या मारायच्या ते खातं ठरवून देतं. उत्तर उताराला पंचाण्णव, दक्षिण उताराला पंचाण्णव. दक्षिण उतार माझ्या मालकाचा, तो डेन्मार्कात असतो, आणि तिथला हरणांचा रखवालदार मी. उत्तर उताराचा मालक लंडनला, आणि त्याचा रखवालदार फार्कर. फार्कर तुला आठवतच असेल. तुझ्या वर्गात माझ्या शेजारी बसायचा, आणि तू काहीही विचारलंस की आम्ही दोघं एकच चुकीचं उत्तर द्यायचो. एकतीस वर्षं झाली, मी या बाजूला, तो त्या बाजूला, मध्ये डोंगराची धार. ती धार हीच दोन्ही इस्टेटींची शीव.

सात वर्षांपूर्वीच्या मोजणीत सहाशे सत्तावन्न हरणं भरली होती. ती मोजणी खरी होती, तेव्हा दोघांचेही डोळे शाबूत होते. तिथून पुढे दर वर्षी पाडसं आणि थंडीचे बळी यांची वजाबाकी करून नव्वद जमा, आणि आमच्या दोन वह्यांप्रमाणे एकशे नव्वद मारलेली. म्हणजे वर्षाला शंभराची तूट. सात वर्षांत सातशे. सहाशे सत्तावन्नातून सातशे काढ, तुझ्यासारख्या निवृत्त मुख्याध्यापिकेला कागद लागणार नाही. सात वर्षं हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, असं विचारशील. तर मोजणीचे कागद एका कपाटात जायचे आणि शिकारीचे दुसऱ्या कपाटात, आणि आधीचे साहेब एका दिवशी एकच कपाट उघडायचे. फार चांगले गृहस्थ. मॉर्वेनने आल्या आल्या दोन्ही कपाटं एकदम उघडली. तरुण माणसांना अशा सवयी असतात.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "काका, तुमच्याच आकड्यांप्रमाणे या दरीत उणे त्रेचाळीस हरणं आहेत." नेमकी त्याच वेळी खिडकीबाहेर एक मादी माझ्या परसातली केलची पालेभाजी उपटून खात होती. मी म्हटलं, "मग ही कोण?" तिने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "ही धरली तर उणे बेचाळीस." असं म्हणून तिने दुसरा स्कोन घेतला. मला ती मुलगी आवडली, हे मी कबूल करतो, आणि तिथेच माझं नशीब फिरलं.

आता एवढी हरणं वहीत मेली कशी, ते सांगतो, आणि हे सांगताना आपल्या बाबांचं नाव येईल, तर क्षमा कर. तू तेव्हा कॉलेजात होतीस. बाबांनी धारेवर उभी असलेली एक मादी टिपली आणि ती नेमकी पलीकडे, फार्करच्या वडिलांच्या हद्दीत गडगडली. बाबा म्हणाले, "जमीन तुझी, जनावर तुझं." ते म्हणाले, "छे छे, गोळी तुझी, जनावर तुझं." आपल्या लोकांना भांडण तसं आटपतं घेता येतं, पण सौजन्याने भांडायला लागले की हाताबाहेर जातात. गारांच्या पावसात दोन तास दोघं एकमेकांना ते हरीण देत होते. शेवटी मांस निम्मं निम्मं झालं, आणि कुणाचा अपमान नको म्हणून दोघांनी ते आपापल्या वहीत पूर्ण मांडलं. तेव्हापासून रिवाजच पडला, शिवेवरचं हरीण दोन वह्यांत. गोळी मारणारा लिहितो आणि जमिनीवाला पण लिहितो. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशातला प्रकार. वर्षाकाठी असं एखाददुसरं हरीण व्हायचं, त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पण गेली सात वर्षं, अक्का, आमच्याकडचं एकूण एक हरीण शिवेवरच मरतंय. त्याचं कारण फार्करचे डोळे.

त्याच्या डोळ्यांना मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे दोन कान दिसतात, तोंडाच्या जागी धुकं. इनव्हर्नेसच्या डॉक्टरने तपासलं, मान हलवली (मान हलवली हे त्याला दिसलं नाही, नर्सने सांगितलं) आणि यावर औषध नाही म्हणून कळवलं. माणसाचं कडेकडेने पुष्कळ भागतं. चहा करता येतो, कोंबड्यांना दाणे टाकता येतात, चर्चमध्ये उभं राहायचं की बसायचं तेही शेजाऱ्याच्या कोपराकडे बघून कळतं. पण बंदुकीला मधलंच लागतं. एकदा त्याने धारेवर उभ्या असलेल्या सांबराएवढ्या नराला टोपी काढून "नमस्कार पाद्रीबुवा" म्हटलं, आणि तो नर इतका वेळ नम्रपणे उभा राहिला की फार्करने त्याला चर्चच्या छपराच्या वर्गणीचंही विचारलं. (वर्गणीचं विचारलं नाही. फक्त हवापाण्याचं.) दुसऱ्या खेपेला लंडनच्या मालकाचा एक पाहुणा होता, बेल्जियमचा दातांचा डॉक्टर. (डच होता.) त्याला फार्करने साडेतीन तास ओल्या गवतातून पोटावर सरपटत नेलं, श्वास रोखायला लावला, आणि कानात सांगितलं, "तो बघा, आयुष्यात एकदाच असा नर दिसतो." तो मेंढ्यांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद होता. पाहुणा सभ्य माणूस. त्याने यजमानाचं मन मोडू नये म्हणून गोळी झाडली, आणि लागली बरोबर मध्यात. तो हौद अजून गळतोय. पाहुण्याने जाताना बक्षिशीही दिली, हे मला जास्त लागलं.

तेव्हापासून आम्ही असं ठरवलं की बंदूक मी चालवायची. दोघांनी धारेवर जायचं, मी मारायचं, आणि बाबांच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी लिहायचं. एकट्याच्याने एका मोसमात पंचाण्णव होतात, तेही गुडघे चांगले असले तर. दोन्हीकडचे मिळून एकशे नव्वद करायला तरुण रक्त लागतं. म्हणून पंचाण्णव मारली, दोन वह्यांत मांडली, दोन्ही मालक खूश, खातं खूश, हरणांचीही फारशी तक्रार नव्हती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, तशी गत, फक्त आमचं कुत्रंही म्हातारं झालंय. तू म्हणशील, हे खोटं आहे. आहे. पण अक्का, आपल्या धंद्यात घर बंदुकीबरोबर येतं आणि बंदुकीबरोबर जातं. रखवालदार नाही तर रखवालदाराचं घर नाही. एकतीस वर्षं ज्या घरात माणूस अंधारातही चहाचा डबा न चाचपडता काढतो, ते घर सोडून तो नव्या घरात गेला तर पहिल्याच दिवशी जिन्यावरून पडेल. डोळस माणसाला घर बदलता येतं. आंधळ्याला त्याचं घर हेच अर्धे डोळे असतात. मी हे तुला विनोदाने सांगायला बसलो होतो, पण इथे विनोद होत नाही.

असो. मॉर्वेन म्हणाली, "वाद नको काका. आपण तिघं वर जाऊ, एका जागी बसू आणि मोजू." मी म्हटलं, फार्करला सर्दी आहे. फार्कर म्हणाला, नाही. (खरंच नव्हती.) मी म्हटलं, धुकं येईल. आकाश असं निळं झालं की मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. गेल्या बुधवारी आम्ही धारेवर एका खडकाच्या आडोशाला ओळीने बसलो, मॉर्वेन, मग मी, मग फार्कर, आणि पायाशी कुत्रं. मोजायला प्रत्येकाच्या मुठीत एक बारकं यंत्र असतं. हरीण दिसलं की अंगठ्याने दाबायचं, टिक् वाजतं आणि आकडा एकने पुढे सरकतो. फार्करची त्यातली युक्ती तुला सांगतो, पण ती चर्चमध्ये कुणाला सांगू नकोस. मी टिक् केलं की तोही टिक् करतो. दर वर्षी आमचे आकडे दोन-तीनच्या फरकाने जुळतात, आणि तो फरकही मला शिंक आली तरच. खात्याने एकदा आम्हा दोघांना अचूकपणाबद्दल प्रशस्तिपत्र दिलं आहे, ते मी संडासात लावलंय.

पण त्या दिवशी शेजारी दोन यंत्रं वाजत होती, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मॉर्वेनचं टिक्, माझं टिक्. फार्कर दोन्ही टिपत होता. सुरुवातीला सावकाश, मग जोरात, मग त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी त्याला कोपराने ढोसलं. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. तो आणखी वेगाने दाबायला लागला. शेवटी आकडे वाचले. माझे दोनशे नऊ. मॉर्वेनचे दोनशे अकरा. फार्करचे चारशे वीस. आणि तो म्हणाला, "पोरी, एवढी हरणं मी वीस वर्षांत पाहिली नव्हती."

मॉर्वेन हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. तिने दोनशे नऊ आणि दोनशे अकरा यांची मनातल्या मनात बेरीज केली, ते तिच्या ओठांवरून दिसलं. मग समोरच्या झुडपाकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "काका, त्या झुडपापाशी काय आहे?" फार्कर छाती पुढे काढून म्हणाला, "एक मादी आहे. बसलीय. जरा अशक्त वाटते, हा हिवाळा काही काढत नाही ती." मॉर्वेन म्हणाली, "ती माझी पाठीवरची पिशवी आहे, काका."

तिने थर्मासमधून चहा ओतून त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला तो कपाच्या वीतभर डावीकडे. तिने कप त्याच्या हातात नेऊन ठेवला आणि त्याची बोटं त्याभोवती मिटवली. अक्का, सात वर्षं जे लपवलं, त्यासाठी जे खोटं बोललो, ज्या हौदाला गोळी घातली, ते सगळं त्या पोरीने एका चहाच्या कपात उघडं केलं. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. पण तिथली जमीन नुसती दगडाची.

खाली उतरायच्या आधी ती म्हणाली, "आकड्यांचं मी निस्तरते. दोन वह्यांतली मारलेली निम्मी करते, आणि शिवेच्या रिवाजावर एक परिच्छेद लिहिते. साहेबांना रिवाज फार आवडतात." तिने तिथेच मांडी घालून निम्मी केलीही, आणि उत्तर आलं सहाशे बावीस. त्या खडकावरून दरीचा तिसरा हिस्साच दिसतो, आमच्या मोजणीची तिप्पट कर, जवळपास तेवढीच आहेत दरीत, अंगावर शहारा यावा इतकं बरोबर. मला वाटलं, सुटलो. मग तिने लॅपटॉप मिटला. "पण काका, ज्याला दिसत नाही त्याच्या नावावरची बंदूक मला निम्मी करता येत नाही. अठ्ठावीस मेच्या आत ती आपणहून परत करा. केलीत तर डोळ्यांबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. नाही केलीत तर मला लिहावं लागेल, आणि मला लिहायचं नाहीये." असं म्हणून तिने नाक पुसलं, थंडीने असेल. आम्ही खाली उतरलो. एकाने काठीचं एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं. अठ्ठावीस मेला घरं सोडायची आणि नवी धरायची ही आपल्याकडची तारीख तुला सांगायला नको. आता नऊ आठवडे आहेत.

आता तुझा सल्ला हवा आहे, सहज. फार्करला एक मोठी बहीण आहे. समुद्रकाठच्या गावात असते, नवरा गेल्याला चार वर्षं झाली, घर स्वच्छ, वरची खोली रिकामी. स्वभाव कडक, पण न्यायी आहे असं ऐकतो. एकतीस वर्षांपूर्वी तिने त्याच्यासाठी बँकेत चिकटण्याची सोय केली होती, आणि तो ती सोडून डोंगरावर आला, तेव्हा ती म्हणाली होती, "हरणांच्या मागे धावून म्हातारपणी काय हाती लागलं, ते सांगायला माझ्या दारात येऊ नकोस." त्याने ते इतकं मनावर घेतलं की नाताळला जातो तोही एक रात्र राहून परत येतो. गेले सहा दिवस तो तिला पत्र लिहायचं म्हणतो, शाई काढतो, चहा करतो, शाई परत ठेवतो. त्याला भीती अशी की ती नाही म्हणेल. त्याहून मोठी भीती अशी की ती हो म्हणेल आणि मग रोज लापशीबरोबर बँकेचा विषय निघेल. तू बाईमाणूस, तुझं वय बहात्तर, तूही कुणाची तरी बहीण आहेस. अशा बहिणीने काय करावं असं तुला वाटतं? तुझ्यावर काही नाही. फार्करसाठी विचारतोय.

बाकी विशेष काही नाही. पत्र फार लांबलं, त्यातलं जे बोचेल ते माझ्या बेशिस्तीच्या खात्यावर टाक. माझ्यावर जेवढा जीव आहे तेवढा असू दे, वाढवायची गळ घालत नाही, नुसता कमी करू नकोस.

तुझा,
टॉर्मड

ता. क. मागच्या पत्रातला तुझ्या नातीचा फोटो पोचला. पोरगी गोड आहे. डोळे तुझे आणि नाक थेट आपल्या आईचं. मी तो चुलीवरच्या फळीवर ठेवलाय. (फोटो मांजराचा आहे.)

दुसरा ता. क. आता पत्र मला वाचून दाखवलं तेव्हा तो वरचा कंस कळला. तो माझा नाही. वर आणखी तीन-चार ठिकाणी मला खोटं पाडणारे कंस आहेत, तेही माझे नाहीत, डचमॅनचा धरून. अक्षर माझं नाही हे तर तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील, अडतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यास. मी सांगतोय आणि फार्कर लिहितोय. मग ज्याला दिसत नाही तो लिहितो कसा, हा प्रश्न तुला इथवर छळत असेल.

तर अक्का, डोळ्यांचं जिथे जिथे फार्कर लिहिलं आहे तिथे टॉर्मड वाच. हौदाला सरपटत पाहुणा नेला तो मी, आणि पाहुणा माझ्या मालकाचा. पाद्रीबुवा समजून नराला नमस्कार केला तो मी. चारशे वीस मोजली ती मी. बंदूक सात वर्षं फार्करने चालवली, माझ्या वाटची पंचाण्णव त्याच्या गुडघ्यांनी मारली, आणि आता कुरकुर न करता हे पत्र असं उलटं लिहूनही दिलं. मी त्याला म्हटलं होतं, अक्काला एकदम सांगितलं तर ती घाबरेल, आधी तुझ्यावर घालून बघू. तो म्हणाला, माझ्यावर घाल. बहीण फार्करला नाहीच. ती तू. वरची खोली मिळेल का? जिना मी मोजून पाठ करीन. बँकेचा विषय काढलास तरी चालेल.

तिसरा ता. क. बाई, हे मी फार्कर माझ्या मनाने लिहितो आहे, तो कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेलाय तेवढ्यात. तुम्ही हो म्हणालात असं धरून मी अठ्ठावीस मेच्या दुपारच्या बसचं तिकीट आजच काढलं आहे, त्याला सांगितलेलं नाही. बस चार वाजून दहा मिनिटांनी पोचते. त्याला समोरून हाक मारू नका, बाजूने या, म्हणजे तुम्ही त्याला दिसाल. तुम्हाला तो बरा आहे असं सांगेल, ऐकू नका. आणि तुम्ही रागावाल म्हणून तो घाबरलाय, तर पहिले दोन दिवस नका रागावू.

आज सकाळी तो दारात यंत्र घेऊन उभा राहिला, म्हणाला, बंदूक द्यायच्या आधी एक मोजणी माझ्या हाताने होऊ दे, तू अंगठा हलवू नकोस. मी हात खिशात घातले. त्याने समोरच्या उताराकडे तोंड केलं आणि सावकाश एकेक करून दाबत गेला. चौदा. मग मला विचारलं, बरोबर आहे का रे? बाई, धुकं एवढं होतं की मला आमचं फाटकही दिसत नव्हतं. असतील चौदा. मी लिहून घेतले.

आपला विद्यार्थी,
फार्कर